पिल्लंवाला कांदा

मातीपरीक्षणाच्या सरकारी ऑफिसात मी पाव किलो माती नेली ती श्रीखंडाच्या डब्यातून, इथेच माझं चुकलं. खिडकीतल्या बाबूने डबा पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. झाकण उघडल्यावर तो जो पडला, तो मी तिथून निघेपर्यंत वर आला नाही.

"ये क्या है?"

"माती," मी म्हणालो आणि सावरून घेतलं, "मिट्टी. जाँच के लिए."

"खसरा नंबर?"

खसरा नंबर शेताला असतो. माझ्याकडे शेत नव्हतं. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या घरामागे, धुणं वाळत घालायची तार आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये, सहा फूट बाय चार फुटांचा एक वाफा होता आणि त्यात मला बारा कांदे लावायचे होते. हे मी बाबूला हिंदीत, अदबीने आणि सविस्तर सांगितलं. मी स्वतः बत्तीस वर्षं वीज कंपनीच्या ऑफिसात खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेलो माणूस आहे. सविस्तर सांगणाऱ्यांकडे पाहून आतल्या माणसाच्या मनात काय येतं, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं.

"गाँव बताइए. लिस्ट में कॉलोनी नहीं है."

मग त्याने स्वतःच्या सोयीने अभनपुर लिहिलं, कारण त्याची सासुरवाडी तिथली. कॉम्प्युटर चोवीस चौरस फूट घेईना, म्हणून एक एकर लिहिलं. पिकाच्या यादीत कांदा दुसऱ्या पानावर होता आणि दुसरं पान उघडत नव्हतं, म्हणून धान लिहिलं. अशा रीतीने मी, दिवाकर पिंपळापुरे, निवृत्त हेडक्लार्क, अभनपुरचा एक एकरवाला धानउत्पादक शेतकरी झालो. तेव्हापासून माझ्या मोबाईलवर दर आठवड्याला "किसान भाई" म्हणून निरोप येतात आणि खोडकिड्यापासून सावध राहायला सांगतात. मी सावध आहे.

अहवालही अर्थातच अभनपुरला गेला. तो आणायला मी स्कूटरने तीस किलोमीटर गेलो आणि तीस किलोमीटर आलो. अहवालात लिहिलं होतं, माती धानासाठी उपयुक्त.

"मले विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं," माझी बायको पद्मिनी म्हणाली. "तुळस पाहा ना कशी माजली आहे ते. माती चांगलीच आहे."

आता हे कांदे कुठले, ते सांगतो. हे बाजारातले कांदे नव्हेत. याचं बी नसतं. एक कांदा लावायचा, त्याला आजूबाजूने पाच-सहा कांदे फुटतात, लहान, लांबोळे, गुलाबी सालीचे. त्यातलाच एकेक पुढच्या वर्षी लावायचा. अनुश्रीने, म्हणजे माझ्या मुलीने, मोबाईलवर पाहून "पापा, इसको शॅलट बोलते हैं" असं सांगितलं, पण आमच्या मागच्या गल्लीतल्या भीमाताई रामटेके त्याला पिल्लंवाला कांदा म्हणतात आणि तेच नाव बरोबर आहे. त्यांचे यजमान धर्मपालजी रेल्वेत स्टेशनमास्तर होते. ओडिशातल्या एका लहानशा स्टेशनावरून बदली झाली तेव्हा शेजारणीने भीमाताईंच्या पदरात मूठभर कांदे बांधून दिले. त्याला तीस वर्षं झाली. सात बदल्या, सात क्वार्टरं, आणि दर क्वार्टरच्या मागे भीमाताईंनी ते कांदे लावले. शेजारणीचा पत्ता हरवला, त्या स्टेशनावर आता गाडी थांबत नाही, पण कांदे आहेत.

मी त्यांच्याकडे गेलो होतो मीटर पाहायला. निवृत्त झालो तरी मीटर जोरात पळायला लागलं की आमच्या मोहल्ल्यात अजून मलाच बोलावतात. मागच्या दारी कांद्यांचा तो गुच्छ पाहिला आणि मला माझे साडू शेखरराव आठवले. शेखरराव भिलाईला राहतात. त्यांच्याकडे डेलिया आहेत. प्रत्येक फुलाचा फोटो ते मला पाठवतात आणि खाली लिहितात, "बस यूं ही." मी भीमाताईंना म्हटलं, "ताई, मले देता का थोडे?"

त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. "देईन. पण दिवाकरभाऊ, वंश जपा लागते. हे खायचे नसते, वाढवायचे असते. मी स्वतः आजपर्यंत एक खाल्ला नाही."

बारा कांदे मोजून दिले आणि सांगितलं की लावताना डोकं मातीबाहेर ठेवायचं.

इथे आमचे शेजारी साहू भैया यांचा प्रवेश होतो. साहू भैया भिंतीपलीकडे राहतात, पण त्यांचा मुक्काम भिंतीवर असतो. "सिर बाहर? अरे भाई साहब, चिड़िया ले जाएगी. चार उंगली नीचे गाड़िए."

"पण ताई तर म्हणाल्या..."

"हव, दीदी बोली होंगी. मैं किसान का बेटा हूँ."

मी मध्यममार्ग काढला. सहा कांदे ताईंच्या पद्धतीने लावले, सहा भैयांच्या. बाहेर डोकं असलेल्या सहांना आठव्या दिवशी हिरवे कोंब आले. गाडलेले सहा शांत होते. मी रोज सकाळी चहाच्या चमच्याने एकेकाला उकरून पाहू लागलो, जिवंत आहे की नाही. अनुश्री म्हणाली, "पापा, आपको कोई रोज़ उठाकर देखे कि आप ज़िंदा हो या नहीं, तो आप रहोगे क्या?" पोट्टी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीतच देते, आणि ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. मी उरलेले वर उचलून नीट लावले. दोन तोवर गेले होते.

मग साहू भैयांनी ताक घालायला सांगितलं. ताक घातलं, मुंग्या आल्या. मुंग्यांसाठी राख सांगितली. राख घातली, ती वाऱ्याने उडून साहू वहिनींच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेली, आणि मग तीन दिवस साहू भैया भिंतीवर दिसले नाहीत. त्या तीन दिवसांत कांद्यांनी जो जोर धरला, तो पुन्हा कधी धरला नाही.

होळीच्या सुमारास पात पिवळी पडून आडवी झाली. दहा कांद्यांचे बासष्ट कांदे निघाले. मी दोनदा मोजले, अनुश्रीने एकदा. सावलीत वाळवले, पातीची वेणी घालून माळ केली आणि फोटो काढून शेखररावांना पाठवला. खाली लिहिलं, "बस यूं ही." त्यांचं उत्तर आलं नाही. तो दिवस फार चांगला गेला.

"चार द्या ना मले," पद्मिनी म्हणाली. "वरणाच्या फोडणीले."

"हे बियाणं आहे."

"एक द्या."

"पद्मिनी, हे खायचे नसते, वाढवायचे असते."

"मग तुमचं वरणही मी फोडणीशिवायच वाढते," ती म्हणाली आणि तसंच वाढलं.

मे महिन्यात भीमाताईंचा फोन आला. आवाज बसलेला. रायपूरचा मे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. धर्मपालजींना कांद्यांची दया आली. एवढ्या उकाड्यात बिचारे कोरडे लटकलेत, म्हणून त्यांनी ताईंना न सांगता सगळ्या माळा मागच्या खोलीतल्या कूलरसमोर नेऊन टांगल्या. पंधरा दिवस ओला वारा खाऊन एकूण एक कांदा सडला.

"तीस वर्षं सांभाळले हो भाऊ," भीमाताई म्हणाल्या. "आता वंश तुमच्याकडंच आहे. तुमचीच माळ. दिवाळीच्या आधी लावाले मले त्यातले बारा परत पाहिजे. देसान ना?"

"ताई, बारा काहून? अर्धे तुमचे," मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो.

त्या दिवसापासून मी त्या माळेला जपलं तसं नोकरीतल्या फायलींनाही जपलं नव्हतं. दिवसातून दोनदा चाचपून पाहायचं, मऊ पडलेला कांदा नाही ना. भीमाताईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्या घराबाहेर फारशा पडत नाहीत. पण दर चार दिवसांनी फोन यायचा: माळेला हवा लागते ना? ओल नाही ना? मी रिपोर्ट द्यायचो.

आणि मग आषाढ लागला.

आमच्या घरी चातुर्मास असतो, म्हणजे पद्मिनीचा असतो आणि आम्ही त्यात राहतो. चार महिने कांदा-लसूण बंद. त्याआधी येते कांदेनवमी. त्या दिवशी घरातला सगळा कांदा संपवायचा: भजी, थालीपीठ, झुणका, भरले कांदे. एकादशीला घरात कांद्याचं सालही दिसलं नाही पाहिजे. रायपूरला येऊन आमच्या कित्येक गोष्टी सुटल्या, पण कांदेनवमी सुटली नाही, कारण ती खायची आहे.

पाच दिवस आधी पद्मिनीने विषय काढला. "ती माळ."

"ते बियाणं आहे."

"बियाणं असो का काही असो, कांदाच आहे. घरात नाही ठेवत मी."

यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. मी म्हणालो, गव्हाच्या बियाण्याला कोणी पोळी म्हणत नाही. ती म्हणाली, गव्हाला कोणी चातुर्मासात मना केलं नाही. मी भीमाताईंचं नाव घेतलं तेव्हा मात्र ती विरघळली. त्यांच्याबद्दल तिला फार माया आहे. शेवटी ठरलं की माळ राहील, पण उंबऱ्याच्या बाहेर. मी ती समोरच्या पोर्चमध्ये, मीटरच्या डब्याशेजारच्या खिळ्याला टांगली. मीटरच्या इतकं जवळ कोणी हात घालणार नाही, असा माझा व्यावसायिक अंदाज होता.

नवमीला चौदा माणसं जेवायला होती. मी सकाळी हरभरा डाळीचं पीठ आणायला गेलो होतो, तेव्हा शेखरराव आणि मेव्हणीबाई भिलाईहून लवकर पोचले. शेखररावांना रिकामं बसवत नाही. स्वयंपाकघरात पद्मिनी एकटी गुंतलेली पाहून ते म्हणाले, "मी कांदे सोलून देऊ?" ती म्हणाली, "हो ना जिजाजी, भरल्या कांद्यासाठी लहान लहान पाहिजेत, टोपलीत पाहा." टोपलीत लहान कांदे नव्हते. शेखरराव पोर्चमध्ये आले. तिथे, दाराशी, कांदेनवमीच्या दिवशी, लहान लहान एकसारख्या कांद्यांची वेणी लटकत होती. त्यांनी काय समजावं? प्रामाणिकपणे सांगतो, मीही तेच समजलो असतो. त्यांनी पोर्चमध्येच बसून बासष्टच्या बासष्ट सोलले, पात कचऱ्यात टाकली आणि भगोनं भरून आत दिलं. सोललेल्या कांद्याला कोण ओळखतं? पद्मिनीला वाटलं जिजाजींनी बाजारातून आणले. तिने दाण्याचा कूट, तीळ आणि काळा मसाला भरला. मी पीठ घेऊन मागच्या दाराने आत आलो आणि त्या घाईत माळ चाचपायची राहिली.

मी अकरा खाल्ले.

हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं. पहिल्यापासूनच मी म्हणू लागलो, "पद्मिनी, आजचे भरले कांदे काही वेगळेच लागून राहिले!" गोड, मऊ, कुठेही उग्रपणा नाही. साहू भैया पाहुणे होते, ते म्हणाले, "हव भाई साहब, ऐसा प्याज तो मैंने किसान का बेटा होकर नहीं खाया." मी सगळ्यांना आग्रह केला. शेखररावांना मी स्वतः आणखी चार वाढले, बळजबरीने. जेवण झाल्यावर सुपारी चघळत मी म्हणालो, "चला शेखरराव, तुमचे डेलिया आम्ही फार पाहिले, आता माझी माळ पाहा." आणि सगळ्यांना घेऊन पोर्चमध्ये गेलो.

खिळा होता.

पुढची पाच मिनिटं मी सांगत नाही. पद्मिनी पदर तोंडाला लावून उभी होती. शेखरराव इतके पांढरे पडले की त्यांना रागवायचंही राहून गेलं. अनुश्री म्हणाली, "पापा, ग्यारह तो आपने ही..." तेवढ्यात फोन वाजला. भीमाताई.

"भाऊ, पाणी लई पडून राहिलं. माळ बरी आहे ना?"

"एकदम बरी आहे, ताई," मी म्हणालो.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी ग्राहकांना "लाईन का काम चल रहा है" असं बरंच काही सांगितलं आहे. पण हे खोटं माझ्या पोटात बसलं. अकरा कांदे एका बाजूला आणि हे एका बाजूला. तीन दिवस मला धड झोप नाही की भूक नाही. पद्मिनी म्हणाली, "जाऊन सांगून टाका." मी म्हणालो, "ती बाई खचून जाईल." खरं म्हणजे मी स्वतःच्या अब्रूला भ्यायलो होतो.

चौथ्या दिवशी मी बाजारात गेलो आणि सांबारात टाकतात ते लहान कांदे घेतले, एक किलो. त्यांना पात नसते, म्हणून सुतळीत ओवून माळ केली. दुरून ठीक दिसत होती. म्हटलं, त्यातले बारा आत्ताच देऊन येऊ, दिवाळीपर्यंत काही तरी होईल.

भीमाताई खुर्चीत बसल्या होत्या. मी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. वरून बोटांनी दाबली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे माझे नाही."

"ताई, ते काय आहे की हवामानामुळे..."

"दिवाकरभाऊ, आईले स्वतःचं लेकरू अंधारात समजते. हे माझे नाही. माझे कुठी गेले?"

मग मी सगळं सांगितलं. नवमी, उंबरा, मीटर, शेखरराव. अकरा पण सांगितले. सांगताना मी जमिनीकडे पाहत होतो. माझे डोळे भरून आले होते आणि ते कांद्यामुळे नव्हते.

भीमाताई उठून आत गेल्या. धर्मपालजी इतका वेळ पेपरामागे होते, ते पेपर खाली करून हळूच म्हणाले, "बसा, पिंपळापुरेजी. मी कूलरवाला, तुम्ही भरले कांदेवाले. दोन महिन्यांपासून या घरात मी एकटाच होतो." त्यांच्या चेहऱ्यावर मे महिन्यानंतर पहिल्यांदा समाधान दिसलं.

ताई बाहेर आल्या त्या डोळे पुसून. रागाने की रडून, ते मी विचारलं नाही. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"कसे लागले?"

"काय?"

"कांदे. कसे लागले खायले? मले कधी समजलंच नाही."

खोटं बोलायची सोय नव्हती. "ताई, आयुष्यात असा कांदा खाल्ला नाही."

मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "लागनच. कोनाचे होते?" आणि धर्मपालजींकडे वळून, "अहो, आत्ता आठवलं, तो बीरगांवचा पोरगा, संघर्ष. सहा-सात वर्षांमागं विहारात भेटला होता, त्याले मी मूठभर दिले होते. त्यानं जपले असतील का?"

मी त्याच दुपारी पावसात स्कूटर काढली. संघर्ष उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर आहे, बीरगांवात दोन खोल्यांत राहतो. पत्ता फक्त एवढाच होता की घराजवळ आटाचक्की आहे. बीरगांवात आटाचक्क्या पाच निघाल्या. चौथ्या चक्कीमागे, पत्र्याच्या छपराखाली, कोरड्या वाऱ्यात, गुलाबी लांबोळ्या कांद्यांच्या तीन माळा लटकताना मला दिसल्या आणि मी स्कूटर स्टँडवर लावायचं विसरलो. ती पडली. आरसा गेला. मला त्याचं काही वाटलं नाही.

संघर्ष रात्रपाळी करून नुकताच उठला होता. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत तो हे कांदे लावतो. सगळी हकीकत ऐकून तो इतका हसला की आतून त्याची बायको पाहायला आली. मग एक अख्खी माळ काढून त्याने माझ्या गळ्यात घातली, कारण हातात हँडल धरायचं होतं. "मावशीले सांगा, संघर्षनं एकही खाल्ला नाही," तो म्हणाला. त्याच्या बायकोने दुसरीकडे पाहिलं, पण तो माझा विषय नव्हता.

बीरगांव ते चौबे कॉलोनी मी कांद्यांची माळ घालून आलो. सिग्नलला एका ट्रॅफिक हवालदाराने सलाम केला, का ते मला माहीत नाही.

भीमाताईंनी माळ हातात घेतली, बोटांनी चाचपली, नाकाला लावली. मग ती छातीशी धरली. मी मोठ्या उमेदीने थांबलो होतो.

"ताई, माझे अर्धे?"

"नाही."

"पण बियाणं..."

"दिवाळीच्या आधी या, बारा देईन. लावा, वाढवा, होळीले काढा, वाळवा, फोटो पाठवा तुमच्या साडूले. पण आखाड लागला की सगळे माझ्याकडं आणून द्यायचे. आमच्याकडं तुमच्या चातुर्मासासारखा वर्षावास असते, भाऊ, पण कांद्यावर कोनी डोळा ठेवत नाही. अन् कूलरची वायर मी काढून ठेवली आहे."

धर्मपालजींनी पेपर वर केला.

त्याप्रमाणे चालू आहे. लावतो मी, पाणी देतो मी, साहू भैयांचा सल्ला ऐकतो मी. आणि आषाढ लागला की पद्मिनी माळेला हळदीकुंकवाचं बोट लावते, मी ती स्कूटरच्या हुकाला अडकवतो आणि मागच्या गल्लीत पोचवून येतो. लोकांच्या घरून आखाडात नवी सून माहेरी जाते. आमच्या घरून कांदे जातात.